मोटारसायकलच्या गियर-बदलातील दोष, एंजिन-दुरुस्तीनंतरचे

एंजिन उघडून पुन्हा जोडल्यावर जुन्या मोटारसायकलचा गियर न पडणे, कर्कश आवाज करून पडणे, पडलेला गियर आपोआप सुटणे किंवा न्यूट्रल न सापडणे या दोषांचा समावेश या नोंदीत केला आहे. झिजेमुळे उद्भवणारे दोष हळूहळू वाढत जातात. दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी प्रकट झालेल्या दोषाचे मूळ मात्र बहुधा जोडणीत असते, आणि पुष्कळदा ते गियर पेटीच्या बाहेरच सापडते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे चांगली पेटी विनाकारण पुन्हा उघडली जाते.

उदगीर (जि. लातूर, १९८२ पूर्वी उस्मानाबाद जि.) व त्याच्या आसपासच्या खेड्यांत दोन्ही बाजूंस दुधाच्या कॅन बांधलेल्या मोटारसायकली चालविणाऱ्यांना गाडी दोन दिवस उभी राहणे परवडत नाही. अशी गाडी ओझ्यासह काळ्या मातीच्या वाटेवर बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये आणि अर्धवट दाबलेल्या क्लचवर चालते. शिवाय काही नमुन्यांचे उत्पादनच थांबले आहे. उदा., म्हैसूर येथील येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये बंद पडले. त्यामुळे एका गाडीचे दंतचक्र दुसऱ्या गाडीस बसविण्याचे प्रकार होतात व दोषाचे निदान अधिकच अवघड बनते.

या गाड्यांच्या पेटीत दोन समांतर दंड असून त्यांवरील दंतचक्रांच्या जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतील एक चक्र आपल्या दंडावर मोकळे फिरते. शेजारचे सरकते चक्र त्याच्याकडे ढकलले म्हणजे दोहोंच्या बाजूंवरील जाड उंचवटे परस्परांत अडकतात व तो गियर पडतो. या उंचवट्यांना कारागीर डॉग म्हणतात. चक्र सरकविण्याचे काम काटे करतात. बहुतेक गाड्यांत हे काटे खाचा असलेल्या दंडगोलामुळे हलतात आणि दंडगोल पायाच्या पट्टीने एकेक टप्पा फिरतो. प्रत्येक टप्प्यावर त्यास स्थिर ठेवण्यासाठी स्प्रिंगने दाबलेली गोळी किंवा रूळ असतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी स्टँडवर असताना व चक्रे स्थिर असताना उंचवटे समोरासमोर आले, तर गियर पडणारच नाही. तो दोष नव्हे. मागचे चाक हाताने किंचित मागेपुढे फिरवून पट्टी दाबावी. एवढे न केल्यामुळे नव्याने जोडलेले एंजिन पुन्हा खोलल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

तपासणीचा आरंभ नेमके काय उघडले होते या प्रश्नाने करावा. जावा, येझदी व राजदूत यांत एंजिन व गियर एकाच पेटीत असतात. कारागीर या पेटीस चेंबर म्हणतात. संयोगदांड्याचे किंवा भुजादंडाचे काम असेल, तर चेंबर दुभंगून गियरही बाहेर काढावे लागतात. नुसते सिलिंडराचे बोअर करून दट्ट्या बदलला असल्यास मात्र त्यांना हात लागलेला नसतो. जुन्या बुलेटची चार गियरांची पेटी स्वतंत्र असून ती एंजिनाच्या मागे बोल्टांनी जोडलेली असते. साहजिकच तेथे एंजिन-दुरुस्तीत सहसा क्लच व प्राथमिक साखळीच तेवढी निघते आणि प्रथम संशय त्यांवरच घ्यावयास हवा.

एंजिन बंद असताना चाक फिरवीत सर्व गियर सहज पडतात, पण एंजिन चालू होताच ते अडतात, असे आढळल्यास क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. न्यूट्रल न सापडणे व पहिला गियर धक्क्याने पडणे ही त्याचीच लक्षणे होत. केबलला मोकळीक जास्त राहणे, चकत्यांचा क्रम चुकणे, नव्या चकत्या तेलात न भिजविता बसविणे, वाकलेली पोलादी चकती आणि स्प्रिंगांचे स्क्रू कमीजास्त आवळले जाणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बुलेटमध्ये साखळीच्या पेटीत फार जाड तेल भरल्यानेही चकत्या एकमेकींस चिकटून राहतात. जावा-येझदीत गियरची पट्टी दाबताच आतल्या यंत्रणेमुळे क्लच आपोआप सुटतो. क्लच जोडल्यावर तेथील समायोजन स्क्रू नीट बसविला नाही, तर हाताने क्लच दाबून गियर सुरळीत पडतात व नुसत्या पायाने अडखळतात. हा फरक अनुभवी कारागिराच्याही नजरेतून निसटतो.

पट्टी दाबल्यावर ती जागेवर परतत नसेल, तर तिच्या दंडावरील परतीची स्प्रिंग चुकीच्या खुंटीवर अडकली आहे काय ते पाहावे. पट्टीच दातेरी दंडावर एखादा दाता पुढेमागे बसली असल्यास ती पायठेवणीस टेकते व शेवटचा टप्पा अपुरा राहतो. बुलेटमध्ये दोन गियरांच्या मध्ये खोटे न्यूट्रल लागत असल्यास बोल्ट सैल करून सरकविता येणाऱ्या मर्यादक पट्टीची जागा बदलून पाहावी. पेटी काढण्याची गरज बहुधा पडत नाही.

हे सर्व निर्दोष आढळले तरच चेंबर उघडावे. काट्यांची अदलाबदल झाली असेल, तर काही गियर मुळीच पडत नाहीत. क्वचित दोन गियर एकाच वेळी गुंतून मागचे चाक जागच्या जागी अडकते. हा दोष जिवावर बेतणारा असल्याने अशी गाडी रस्त्यावर नेऊन तपासू नये. दंडाच्या टोकाचे वायसर राहून गेल्यास चक्रे आडवी सरकतात व उंचवटे पुरेसे अडकत नाहीत. ते जास्त पडल्यास किंवा बेअरिंग आपल्या घरात तळापर्यंत बसले नसल्यास चेंबर आवळताच दंड जड फिरू लागतात. म्हणून जोडणी करताना थोडे थोडे स्क्रू आवळून दर वेळी दंड हाताने फिरवून पाहणे आणि भुजादंडाकडील आवरण लावण्यापूर्वी सर्व गियर एकदा पाडून पाहणे उपयुक्त ठरते. या तपासणीस दहा मिनिटेही लागत नाहीत, तरी घाईत नेमकी तीच वगळली जाते.

गियर बरोबर पडून ओझ्याखाली सुटत असेल, तर गोळीची स्प्रिंग राहून गेली आहे, काटा वाकला आहे किंवा उंचवट्यांच्या कडा गोलावल्या आहेत, यांपैकी एक कारण असते. तिसऱ्या प्रकारात झीज जुनीच असते. दुरुस्तीमुळे एंजिनाची ओढ वाढल्यावर ती उघडकीस येते, एवढेच. कडा कानशीने धारदार केल्यास गियर काही दिवस टिकतो, परंतु पृष्ठभागाचा कठीण थर निघून गेल्याने झीज अधिक वेगाने होते. अशा वेळी परस्परांत अडकणारी दोन्ही चक्रे एकदमच बदलावी लागतात.