तळाच्या ओळीवरची दहा वर्षं

2017 च्या एप्रिलमध्ये मुंबई एफसी हा फुटबॉल क्लब आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या वरच्या श्रेणीतून, खाली गेला. दहा संघांत दहावा. मुंबईच्या वर्तमानपत्रांतही ही बातमी मोठी झाली नाही, कारण ते दिवस आयपीएलचे होते. जळगाव-धुळ्यात ती कोणाच्या गावीही नव्हती. पण खानदेशात आम्ही काहीजण होतो, ज्यांनी तो सगळा उन्हाळा गुणतक्ता बघत काढला. त्या क्लबच्या दहा वर्षांचा मागोवा घ्यायचा तो एवढ्यासाठी, की महाराष्ट्राच्या फुटबॉलचं नेमकं कुठे बिनसलं, हे त्या दहा वर्षांत स्वच्छ दिसतं.

आमच्याकडे फुटबॉल आला तो मुंबईहून आणि रेल्वेच्या वाटेने. भुसावळ हे रेल्वेचं गाव, त्यामुळे तिथे हा खेळ परका नव्हता. नोकरीसाठी मुंबईत राहून आलेली जुनी माणसं कूपरेजवरच्या रोव्हर्स कपच्या गोष्टी सांगत. 1891 मध्ये सुरू झालेली ती स्पर्धा 2000-01 नंतर बंद पडली आणि त्या गोष्टीही थांबल्या. स्वतःचा म्हणावा असा मोठा संघ खानदेशाला कधीच नव्हता. मग जवळचा कोण, तर मुंबईचा. रात्री जळगावला गाडीत बसलं की पहाटे दादर. धुळेकरांना त्याआधी चाळीसगाव गाठावं लागे, एवढाच फरक.

मुंबई एफसीची स्थापना 2007 ची. मालक एस्सेल समूह, जर्सी पिवळी. पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ हे इंग्रज, याआधी महिंद्र युनायटेडला शिकवलेले. 2008 मध्ये क्लबने दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकली आणि मैदानावर खेळून, हक्काने आय-लीगमध्ये पाऊल ठेवलं. पुढच्या वर्षी पुणे एफसीही असाच वर आला. 2009-10 च्या हंगामात आय-लीगच्या चौदा संघांत महाराष्ट्राचे चार होते: महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. आज हे वाचताना कोणाला खरं वाटणार नाही, पण तसे दिवस होते.

त्याच 2009 मध्ये मुंबई एफसीची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली. महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी असा प्रवास केलेला हा मिडफिल्डर तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. पुढचे सात हंगाम त्यांनी हा क्लब वरच्या श्रेणीत टिकवला. विजेतेपदाच्या शर्यतीत मुंबई एफसी कधी नव्हता. पैसा बेताचा, बचाव भक्कम, एका गोलने जिंकायचं किंवा बरोबरी काढायची, ही त्यांची रीत. कूपरेजचं काम निघाल्यावर घरचे सामने काही हंगाम पुण्याला बालेवाडीत झाले. घरचं मैदान दुसऱ्या शहरात, तरीही संघ टिकून राहिला.

अशा क्लबच्या चाहत्याचा हंगाम वेगळ्या प्रकारे जातो. डिसेंबर-जानेवारीत त्याला आशा असते. फेब्रुवारीत तो गुणतक्ता वरून वाचायचा सोडून खालून वाचू लागतो. मार्चमध्ये वहीत आकडेमोड सुरू होते: आपले सामने किती उरले, त्यांतले घरचे किती, खालच्याने बरोबरी केली तर काय, हरला तर काय. दुसऱ्याच्या पराभवासाठी देव पाण्यात ठेवायची वेळ येते. धुळ्याचा माझा मित्र अशा रात्री फोन करून एवढंच विचारायचा, "आते काय व्हई?" उत्तर त्यालाही ठाऊक असायचं आणि मलाही. पण विचारल्याशिवाय त्याला झोप लागत नसे आणि त्याचा फोन आल्याशिवाय मलाही.

आय-लीगमध्ये ही आकडेमोड आणखी किचकट होती. पैसे भरून थेट प्रवेश घेतलेल्या क्लबांना सुरुवातीच्या काळात रेलिगेशनपासून सूट असे. 2014-15 मध्ये पुण्याचा भारत एफसी तळाला राहिला, पण त्याला सूट होती. खाली गेला तो त्याच्या वरचा धेंपो. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला गोव्याचा तो मातब्बर क्लब! पुढच्या वर्षी डीएसके शिवाजियन्स शेवटचा आला. तोही सूट असलेला. घसरला आठवा आयझॉल. म्हणजे शेवटून दुसरं येणंही सुरक्षित नव्हतं. तळाला कोण आहे एवढं पाहून भागत नसे, त्याला सूट आहे का हेही पाहावं लागे.

2016 च्या हंगामानंतर क्लबने खालिद जमील यांना निरोप दिला. ते मिझोरमला आयझॉलकडे गेले. आयझॉल खाली घसरलेला होता, पण धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग सोडली आणि रिकाम्या जागेवर आयझॉलला परत घेण्यात आलं. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे खेळाडूही जमील यांच्या सोबत तिकडे गेले.

पुढचा हंगाम मी विसरू शकत नाही. मुंबई एफसीचा संघ महिन्यामहिन्याने खचत गेला. प्रशिक्षक संतोष कश्यप यांच्या जागी मध्येच स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आले, पण घसरण थांबली नाही. एप्रिल उजाडला तेव्हा त्या दहा ओळींच्या तक्त्यात पहिल्या ओळीच्या आसपास आयझॉल होता आणि शेवटच्या ओळीच्या आसपास आम्ही. 22 एप्रिलला आयझॉलने मोहन बागानला 1-0 ने हरवलं आणि 30 एप्रिलला शिलाँगमध्ये बरोबरी साधून विजेतेपद पटकावलं. सात वर्षं आम्हाला तळापासून वाचवणारा माणूस देशाचा विजेता प्रशिक्षक झाला, त्याच हंगामात आमचा क्लब बुडाला. जमील यांच्याबद्दल तेव्हाही अभिमानच वाटला, आजही वाटतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनी त्या जागी भारतीय माणूस बसला.

रेलिगेशनचं दुःख पचवता येतं. खाली गेलेला क्लब परत वर येतो, या भरवशावर तर हा सगळा खेळ चालतो. धेंपो 2015 मध्ये घसरला आणि 2016 मध्ये दुसरी श्रेणी जिंकून मोकळा झाला. मुंबई एफसी स्वतः त्याच वाटेने वर आला होता. त्यामुळे मे महिन्यात आम्ही म्हणत होतो, एक वर्ष खाली काढू, पुन्हा येऊ. पण ती वेळ आलीच नाही. मालकांनी क्लबच बंद केला.

मागे वळून महाराष्ट्रातल्या क्लबांची यादी केली तर अंगावर काटा येतो. महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. एअर इंडियाला 2013 मध्ये परवान्याचे निकष पुरे न केल्यामुळे बाहेर जावं लागलं. पुणे एफसी आणि भारत एफसी 2015 नंतर दिसले नाहीत. 2017 मध्ये डीएसके शिवाजियन्सही गेला. या सगळ्यांत मैदानावर हरून खाली गेला तो एकटा मुंबई एफसी. बाकीच्यांचा निकाल कचेरीत लागला. आम्ही दहा वर्षं शेवटच्या ओळीला घाबरलो, पण खरा धोका मालकाच्या हिशेबवहीत होता.

याच्या शेजारी सुंदरलँड ठेवून बघा. इंग्लंडचा हा क्लब 2017 च्याच एप्रिलमध्ये प्रीमियर लीगमधून घसरला. पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली गेला आणि चार हंगाम तिसऱ्या श्रेणीत राहिला. त्या काळातही त्याच्या स्टेडियममध्ये हजारोंनी माणसं येत होती. 2025 मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये परतला. खाली पायऱ्या होत्या आणि त्या पायऱ्यांवर माणसं उभी होती, म्हणून तो परतू शकला. मुंबई एफसीच्या खाली यातलं काहीच नव्हतं.

इंडियन सुपर लीग (आयएसएल) 2014 मध्ये सुरू झाली ती रेलिगेशनशिवायच. मुंबई सिटीने तिथे मोठं यश मिळवलं, 2020-21 मध्ये तर शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, त्याचा आनंद आहेच. पण शेवटच्या क्रमांकाची भीती नसलेल्या स्पर्धेत तळाच्या संघांचे अखेरचे सामने निर्जीव होतात. आय-लीगमध्ये पुढे मुंबईचा केंकरे एफसी आला आणि 2023 मध्ये खाली गेला.

2017 ची आणखी एक आठवण मात्र जपून ठेवावी अशी आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्य सरकारच्या 'मिशन वन मिलियन' उपक्रमात महाराष्ट्रभर शाळाशाळांत मुलं फुटबॉल खेळली. आमच्या खानदेशातही. कबड्डी आणि खो-खोच्या मैदानावर, दगड नाहीतर दप्तरं ठेवून केलेल्या गोलपोस्टमध्ये, अनवाणी पोरं कोऱ्या करकरीत चेंडूमागे धावली. ज्या वर्षी राज्याचे आय-लीगमधले दोन्ही क्लब संपले, त्याच वर्षी गावोगावच्या शाळांत चेंडू पोहोचला. मधल्या पायऱ्या तेवढ्या कोणी बांधल्या नाहीत.

त्या पायऱ्या कशा असतात हे पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही, कोल्हापूर पुरे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे पेठांचे आणि तालमींचे संघ. त्यांचा मालक म्हणजे ती पेठच. शाहू स्टेडियम भरतं ते आपल्या पोरांसाठी, आणि हरलेल्या संघाला कोणी कुलूप लावत नाही.

जळगाव आणि धुळ्यात हे होऊ शकतं. दोन्ही जिल्ह्यांत फुटबॉलच्या संघटना आहेत, शाळा-कॉलेजांचे संघ आहेत, खेळणारी पोरं आहेत. त्यांनी मिळून खानदेशाची एक साखळी स्पर्धा दरवर्षी ठरल्या वेळी घ्यावी, दोन श्रेण्या कराव्यात, तळाचे दोन संघ खाली आणि खालचे दोन वर, हा नियम पहिल्या दिवसापासून कोणालाही सूट न देता पाळावा. आणि रात्री जागून मँचेस्टर-लिव्हरपूल बघणाऱ्या आपल्या तरुणांनी रविवारी सकाळी एक तास गावच्या मैदानाला द्यावा. संघ निवडा, त्याला धरून राहा, आणि तो खाली गेला तर त्याच्यासोबत खाली जा.