रक्तांतील औषधाचें मोजमाप

औषध पोटांत गेलें म्हणजे त्याचें काम झालेंच, अशी घरोघरीं समजूत असते. परंतु दोन रोग्यांस एकच गोळी, एकाच मात्रेनें आणि एकाच वेळीं दिली, तरी एकाच्या रक्तांत ती पुरेशी उतरत नाहीं आणि दुसऱ्याच्या रक्तांत बाधण्याइतकी सांचते. बहुतेक औषधांच्या बाबतींत हा फरक निभावून जातो. कारण गुण देणारें प्रमाण आणि अपाय करणारें प्रमाण यांत पुष्कळ अंतर असतें. कांहीं औषधांत मात्र तें अंतर फार थोडें असतें. अशा वेळीं अंदाज उपयोगी पडत नाहीं. औषध रक्तांत किती आहे, हें प्रत्यक्ष मोजावें लागतें.

अपस्मारावरील फेनिटॉइन हें याचें ठळक उदाहरण होय. हें औषध १९३८ सालापासून वापरांत आहे. रक्तजलाच्या, म्हणजे सीरमच्या, एका मिलिलिटरांत तें १० ते २० मायक्रोग्रॅम असावें, असें सामान्यतः मानतात. आणि मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! प्रमाण कमी पडलें तर फेफरें येण्याचें भय. अधिक झालें तर बुबुळें थरथरतात, तोल जातो, गुंगी येते. शिवाय या औषधाचा निचरा यकृत करतें, आणि यकृताच्या शक्तीला सीमा आहे. मोरीचें तोंड लहान असलें म्हणजे नळ किंचित् अधिक सोडतांच पाणी तुंबतें, तद्वत् त्या सीमेजवळ मात्रा थोडी वाढवली तरी रक्तांतील प्रमाण एकदम चढतें. परळ येथील केईएम रुग्णालयांत अपस्माराच्या औषधांचें असें मापन रुग्णांसाठीं केलें जात आलें आहे.

पण रक्तांत शेंकडों द्रव्यें मिसळलेलीं असतात. त्यांतून एकच द्रव्य निवडून मोजावयाचें कसें? याची वाट विसाव्या शतकाच्या आरंभीं मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें दाखविली. त्यानें कांचेच्या नळींत खडूची भुकटी भरून तींतून पानांचा अर्क खालीं सोडला. तेव्हां अर्कांतील हिरवे व पिवळे रंग निरनिराळ्या पट्ट्यांत वेगळे झाले. या रीतीस त्यानें १९०६ सालीं ‘क्रोमॅटोग्राफी’, म्हणजे रंगांचें लेखन, असें नांव दिलें.

आजच्या लिक्विड क्रोमॅटोग्राफीचें तत्त्व तेंच आहे. कांचेच्या नळीच्या जागीं वीतभर लांबीची पोलादी नळी असते. तींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण ठांसून भरलेले असतात, आणि त्यांवर तेलकट जातीच्या रेणूंचा थर असतो. प्रथम रक्तजलांतील प्रथिनें साखळवून काढून टाकतात. मग उरलेल्या द्रवाचा थेंबाहूनही लहान अंश पंपाच्या प्रचंड दाबानें त्या नळींतून ढकलतात. अंधेरी स्टेशनावर गाडींतून एकदम उतरलेली गर्दी डोळ्यांपुढें आणावी. कोणी सरळ पुलाकडे जातो, कोणी वर्तमानपत्रापाशीं थबकतो, कोणी चहा घेतो. म्हणून फाटकापाशीं सगळे एकदम पोंचत नाहींत. नळींतही तसेंच घडतें. ज्या द्रव्यास त्या थराची ओढ कमी, तें आधीं बाहेर पडतें. ज्यास अधिक, तें मागाहून. नळीच्या तोंडाशीं अतिनील प्रकाश टाकलेला असतो. द्रव्य त्यांतून जातांना प्रकाश शोषतें आणि आलेखावर एक शिखर उमटतें. शिखर कोणत्या मिनिटास आलें यावरून द्रव्याची ओळख पटते. त्याचें क्षेत्रफळ ज्ञात प्रमाणाच्या नमुन्याशीं ताडून तें किती आहे, हें ठरतें.

हॉर्मोनें याहूनही विरळ असतात. टीएसएच किंवा इन्सुलिन यांसारखीं प्रथिनरूप हॉर्मोनें बहुधा प्रतिद्रव्यांच्या साह्यानें मोजतात. कॉर्टिसॉल व टेस्टोस्टेरोन यांचीं भावंडें मात्र एकमेकांसारखीं दिसतात, आणि प्रतिद्रव्य कधीं कधीं फसतें. प्रेडनिसोलोन घेणाऱ्या रोग्याचें कॉर्टिसॉल त्यामुळें खोटेंच वाढलेलें दिसूं शकतें. तेथें क्रोमॅटोग्राफीस रेणूंचें वजन पारखणाऱ्या यंत्राची जोड देतात.

यंत्र कितीही चोख असलें तरी नमुना बरोबर हवा. बोरिवलीस वा मुलुंडास घेतलेलें रक्त पुष्कळदां दूरच्या प्रयोगशाळेंत जातें. कांहीं नळ्यांत रक्तजल वेगळें ठेवणारा चिकट गर असतो. त्यांत नमुना बराच वेळ राहिल्यास फेनिटॉइन त्या गरांत शोषलें जाऊन आंकडा खोटाच कमी येतो. औषधाच्या तपासणीचें रक्त बहुधा पुढची मात्रा घेण्याच्या थोडें आधीं देतात, आणि कॉर्टिसॉल तर सकाळीं अधिक व मध्यरात्रीं अगदीं कमी असतें. म्हणून शेवटची गोळी किती वाजतां घेतली, रक्त किती वाजतां दिलें, आणि दुसरीं कोणतीं औषधें चालूं आहेत, हें घरच्या मंडळींनीं कागदावर टिपून नमुन्याबरोबर द्यावें. आंकडा हातीं आल्यावर तो या टिपणासह डॉक्टरांस दाखवावा. तोंवर गोळी आपल्या मनानें वाढवूं नये, आणि बंद तर मुळींच करूं नये, कारण अपस्माराचें औषध एकाएकीं थांबविल्यानें फेफऱ्यांमागून फेफरीं येऊन जिवावर बेतूं शकतें.