भाव चढलेली रॅम

बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडद्यावर अंधार. आतून नुसता लांबलचक ‘बीप’. नगर जिल्ह्यातल्या जामखेडमधला दुरुस्तीवाला अशा वेळी फारसं काही विचारत नाही. कॅबिनेटची बाजू उघडतो, दोन्ही कडेच्या खिट्या दाबून मदरबोर्डवरची हिरवी पट्टी उपसतो आणि शाळेतल्या पोरांच्या खोडरबराने तिची सोनेरी किनार घासतो. एक फुंकर, पट्टी पुन्हा खाचेत, ‘टक्’ असा आवाज, आणि मशीन सुरू. ‘रॅम लूज झाली होती’ हे निदान. धुळीच्या मुलखात ते बरेचदा खरंही असतं.

खोडरबरावर भागलं तर पाच मिनिटांचं काम. पण पट्टी शाबूत असून मशीन रडतखडत चालत असेल, तर पुढचं वाक्य ठरलेलं असायचं: ‘आठ जीबी टाकून घ्या, पळायला लागेल.’ गिऱ्हाईकही मान डोलवायचं. २०२५च्या दिवाळीनंतर मात्र हे वाक्य उच्चारताना दुकानदार आधी फोनवर भाव विचारू लागला. सप्टेंबरनंतरच्या काही महिन्यांतच रॅमच्या पट्ट्या किरकोळ बाजारात दुपटीवर आणि काही प्रकारांत तिपटीवर गेल्या. सकाळी सांगितलेला दर संध्याकाळी टिकेल याची खात्री कुणी देईना.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. इथल्या शेतकऱ्याने कांद्याचं असंच वागणं आयुष्यभर पाहिलं आहे. भाव कडाडला की सगळे रोप टाकतात, चार महिन्यांनी बाजार समितीत गोण्यांचे ढीग लागतात आणि भाव कोसळतो. मग पुढच्या हंगामात लागवड घटते आणि पुन्हा तेच. अर्थशास्त्रात या चक्राला ‘कोळ्याचं जाळं’ म्हणतात. निकोलस काल्डॉर या अर्थतज्ज्ञाने १९३४ साली ते नाव रूढ केलं. रॅमची चिप हा तसाच माल आहे. सॅमसंगची आठ जीबी आणि हायनिक्सची आठ जीबी यांत गिऱ्हाईकाला फरक दिसत नाही. गोणीतला कांदा कुणाच्या रानातला हे भजी खाणारा विचारत नाही, तसंच. त्यामुळे सगळा खेळ भावाचा.

या खेळात भलेभले बसले. १९७० साली ‘११०३’ ही चिप काढून मेमरीचा बाजार उभा करणाऱ्या इंटेलने जपानी कंपन्यांच्या स्वस्ताईपुढे हात टेकले आणि १९८५मध्ये हा धंदाच सोडला. जर्मनीची किमोंडा २००९मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा २०१२मध्ये. आज जगातली बहुतेक सगळी रॅम तीन घरांत पिकते: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. बाजारात तीनच अडते उरले की ‘रिंग’ होण्याची शंका कांदेवाल्याला आधी येईल, आणि तीही अगदी अनाठायी नाही. भाव संगनमताने ठरवल्याबद्दल २००५ साली अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला साडेअठरा कोटी डॉलर दंड भरावा लागला होता.

यावेळची भाववाढ मात्र निराळ्या कारणाची आहे, आणि ते कळल्याशिवाय ‘थांबू या, उतरेल’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

मेमरीचे भाव याआधीही भडकले. जुलै १९९३मध्ये जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर चढवायचं राळेचं कवच बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल तिथे तयार होई. सप्टेंबर १९९९मध्ये तैवानला भूकंपाने हादरवलं. सप्टेंबर २०१३मध्ये चीनमधल्या वूशीच्या हायनिक्स कारखान्याला आग लागली. प्रत्येक वेळी दर उसळले. या सगळ्या गारपिटी होत्या. गारपिटीने एक हंगाम जातो, रान जागेवरच राहतं.

आता रानातलं पीकच बदललं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची अवाढव्य गणितं करणाऱ्या डेटा सेंटरना साधी रॅम पुरत नाही. त्यांना ‘एचबीएम’ नावाची मेमरी लागते. तिच्यात पातळ चिपांचे आठ-आठ, बारा-बारा थर थालीपिठांसारखे एकावर एक रचून आरपार छिद्रांतून तारा ओवलेल्या असतात. चिप ज्या सिलिकॉनच्या चकतीवर छापतात ती वेफर हीच इथली जमीन. मायक्रॉनच्याच हिशेबाने, तेवढीच साठवण एचबीएममध्ये करायची तर साध्या डीडीआर-५ रॅमच्या सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडते. ज्वारीच्या रानात ऊस लावल्यावर शिवारातल्या पाण्याचं काय होतं, हे दुष्काळी पट्ट्यात वेगळं सांगायला नको. ऊस लावणारा वेडा नसतो. त्याला पैसे मिळतात. कंपन्याही तेच करत आहेत. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी प्राथमिक करार जाहीर केला, त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतचं उद्दिष्ट होतं. ३ डिसेंबरला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य गिऱ्हाईकाला पट्ट्या विकणं बंद करत असल्याचं सांगितलं. जवळपास तीन दशकं दुकानाच्या फळीवर दिसणारं नाव गेलं.

गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा कारखाना आहे, मग आपल्याला काय अडचण, असाही प्रश्न येतो. पण साणंदचं काम चिप जोडण्याचं, तपासण्याचं आणि बांधणीचं. कांदा तिथे पिकत नाही. निवडून गोणीत भरला जातो. नवी ‘जमीन’ लागवडीखाली यायची तर वेफरचा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं जातात. मायक्रॉनचा आयडाहोमधला आणि हायनिक्सचा योंगिनमधला नवा कारखाना २०२७च्या हिशेबाने बांधला जात आहे. चार महिन्यांत नवा कांदा येतो, तसं इथे होणार नाही.

मग जामखेडच्या सेतू केंद्रवाल्याने काय करावं? लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्याने काय करावं?

आधी रॅम करते काय ते पाहू. १९६६मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेली रचना आजही चालते: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. हा कपॅसिटर म्हणजे पाझरणारं मडकं आहे. क्षणात रिकामं होतं. म्हणून आठ जीबीच्या पट्टीतली सुमारे ६,९०० कोटी मडकी दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा भरत राहावी लागतात. वीज गेली की सगळी कोरडी. सेव्ह न केलेला अर्ज जातो तो इथूनच.

आणि रॅम कमी पडली की काय होतं? विंडोज न मावणारं सामान उचलून डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून काही उचलायला अंदाजे १०० नॅनोसेकंद लागतात, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. हा लाखपट फरक माणसाच्या मापात मांडायचा तर असा: ओट्यावरचा डबा घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर हार्ड डिस्कवरचा डबा यायला सत्तावीस तासांहून जास्त, म्हणजे दुसरा दिवस उजाडतो. तोच एसएसडीवर ठेवला असेल तर साधारण पंधरा-सतरा मिनिटांत हातात. रांगेतल्या माणसाला ‘थांबा जरा, लोड होतंय’ म्हणतात तेव्हा हे हेलपाटे चाललेले असतात.

पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८मध्ये यासाठी एक नेमकी कल्पना मांडली. एखाद्या कामाला दर क्षणी सगळं सामान लागत नाही, त्यातला एक चालू हिस्सा लागतो. तो रॅममध्ये मावला की काम सुरळीत, किंचितही बाहेर राहिला की मशीनचा सगळा वेळ उचलठेवीत जातो. म्हणजे वेग रॅमच्या प्रमाणात हळूहळू वाढत नाही. एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे हाल, पलीकडे आराम, आणि आराम मिळाल्यावर आणखी पट्टी घातली तरी फरक जाणवत नाही.

तुमचं मशीन उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला आहे हे पाहायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. दुपारी ऐन गर्दीत, नेहमीची सगळी कामं उघडी असताना तो पाहायचा. सकाळी कुलूप उघडल्याबरोबर नव्हे. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि त्याच वेळी डिस्कही शंभराला चिकटलेली दिसत असेल, तर रॅम अपुरी असल्याची ती जवळजवळ खात्रीच. मेमरी सत्तर टक्के भरलेली पाहून मात्र घाबरू नये. विंडोज रिकामी जागा मुद्दाम वापरात घेते. मोकळी रॅम म्हणजे पैसे देऊन ठेवलेली आणि न वापरलेली रॅम.

सेतू केंद्राचं काम पाहिलं तर ते बहुतेक ब्राउझरमध्ये चालतं. लाडकी बहीण, शेतकरी ओळखपत्र, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला: प्रत्येक पोर्टल वेगळ्या टॅबमध्ये, वर स्कॅनरचं सॉफ्टवेअर, बाजूला व्हॉट्सॲप. चार जीबीत हे मावत नाही. आठ जीबीत मावतं, मात्र कालपासून उघडे असलेले वीस टॅब बंद करण्याची शिस्त पाहिजे. शिवाय मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क फिरत असेल, तर पहिला पैसा छोट्या एसएसडीवर गेलेला बरा. तिचेही भाव चढले आहेत, पण वरच्या हिशेबात दुसऱ्या दिवसाची पंधरा मिनिटं होतात ती तिच्यामुळेच.

फ्लेक्सवाल्याचं गणित निराळं. वीस बाय दहा फुटांचा फलक ७२ डीपीआयला मांडला तरी १७,२८० गुणिले ८,६४०, म्हणजे जवळजवळ पंधरा कोटी ठिपके होतात. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एक भरगच्च थर सुमारे ६०० एमबीचा. त्यावर पार्श्वभूमी, वाढदिवसवाल्याचा उभा फोटो, त्याची सावली, वरच्या ओळीत नेत्यांचे चेहरे आणि खाली शुभेच्छुकांची पलटण. चेहऱ्यांचे थर छोटे असतात. पण तीन-चार थर पूर्ण फलकभर असले आणि फोटोशॉपने मागे जाण्यासाठी जुन्या अवस्था जपल्या की आठ जीबीचा पत्ता लागत नाही. या माणसाने भाव उतरायची वाट पाहणं म्हणजे लग्नसराईत रोज तास-दीड तास वाया घालवणं. त्याने सोळा जीबी चढ्या भावातही घ्यावी; आणि मदरबोर्डला दोन खाचा असतील तर सोळाची एक घेण्यापेक्षा आठच्या दोन, कारण दोन मार्गांनी एकदम वाहतूक होते. आधीची आठची चालू असेल तर तिच्याच जातीची एक जोडून भागतं.

जातीचं महत्त्व मोठं. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीची पट्टी दुसरीत बसत नाही, आणि जोर लावणाऱ्याचा मदरबोर्ड जातो. थांबण्याचा निर्णयही जातीवर ठरतो. कांदा चाळीत सडतो, रॅम सडत नाही. तिची पिढी संपते. डीडीआर-४चं उत्पादन आवरतं घ्यायला कंपन्यांनी २०२५मध्येच सुरुवात केली, आणि त्या जूनच्या सुमारास घाऊक बाजारात ही जुनी जात काही काळ नव्या डीडीआर-५हूनही महाग झाली. डीडीआर-४वाल्याला खरी गरज असेल तर वाट पाहून फारसं काही हाती लागणार नाही. डीडीआर-५वाल्याचं आज भागत असेल, तर २०२७नंतरच्या नव्या पिकाची वाट पाहायला हरकत नाही. डीडीआर-३च्या मशीनसमोर दुसराच अडथळा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ त्या काळातल्या प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही. त्यात नवी महाग पट्टी घालणं म्हणजे मोडकळीला आलेल्या वाड्याला सागवानी दार बसवणं. लॅपटॉप घेणाऱ्याने तर आधीच विचारावं: अनेक सडपातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही.

एवढ्या घासाघिशीत एक जुना आकडा आठवतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साठच्या दशकाच्या आरंभी कामाला लागलेल्या ‘टिफ्रॅक’ या भारतीय संगणकाची मेमरी फेराइटच्या बारीक मण्यांत तारा ओवून केलेली होती. चाळीस बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे अवघे दहा केबी. आज सेतू केंद्रातली आठ जीबीची पट्टी तिच्या आठ लाखपटींहून मोठी आहे. टिफ्रॅकवर वैज्ञानिकांची गणितं सुटत. इकडे दाखल्याचं एक पान ती आठ लाखपट जागाही पुरू देत नाही. पोर्टल लिहिणाऱ्यांनी थोडी काटकसर केली असती, तर तालुक्यातालुक्यांत रॅम वाढवायची चर्चाच निम्म्याने कमी झाली असती.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलाला एक खण असतो. स्क्रू, सीमॉसचे सेल, जळके एसएमपीएस यांच्याखाली गेल्या सात-आठ वर्षांत बदलून काढलेल्या दोन-दोन, चार-चार जीबीच्या पट्ट्या पडलेल्या असतात, काही अजून चालू. गिऱ्हाईक त्या परत मागायचं नाही, तोही द्यायचा नाही. आता तो खण उपसला जातो. एकेक पट्टी उजेडात धरून स्टिकरवरचा बारीक मजकूर वाचायचा, डीडीआर-३ एकीकडे, डीडीआर-४ दुसरीकडे. मग खोडरबर घ्यायचा.