आनंदीबाई जोशींसारखीच एक मुलगी कोरियातून अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेली होती, दोघींना एकाच आजाराने गाठलं

नागपूरच्या हुडकेश्वरमधून एखादी मुलगी वर्षभराच्या कोर्ससाठी ब्रिटनला किंवा दक्षिण कोरियाला निघाली, की पासपोर्ट, फीची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट यांच्यासोबत तिला आणखी एक कागद लागतो. छातीचा एक्स-रे काढून 'टीबी नाही' असं सांगणारं सर्टिफिकेट. घरात त्याची फारशी चर्चा होत नाही. चर्चा असते ती बॅगेत लोणचं आणि पापड किती बसतील याची.

पण परदेशी शिकायला जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या गोष्टीत हा आजार अगदी मध्यभागी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन मुली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. एक महाराष्ट्रातली, दुसरी कोरियातली. दोघींनी पदवी मिळवली आणि दोघींनाही टीबीने नेलं.

पहिली तुम्हाला माहीत आहे, आनंदीबाई जोशी. 31 मार्च 1865 चा जन्म, नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बायकांनी पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायचं नाही, आणि बाई डॉक्टर तर कुठेच नाही, अशी तेव्हाची परिस्थिती. एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून त्या पतीशिवाय बोटीत बसल्या, तेव्हा वय होतं 18. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या.

आता दुसरी गोष्ट.

त्याच 1886 साली सोलमध्ये मेरी स्क्रँटन या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुलींची शाळा सुरू केली. नाव इव्हा. त्यातूनच पुढे कोरियातलं नावाजलेलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, पण सुरुवातीला शाळेला मुलीच मिळत नव्हत्या. परक्यांच्या शाळेत मुलगी कोण पाठवणार? एका मिशनऱ्याकडे कामाला असलेल्या किम आडनावाच्या गृहस्थांनी मात्र आपली मुलगी पाठवली. तिचं नाव किम जोम-डोंग.

1890 मध्ये रोझेटा शेरवूड ही तरुण अमेरिकन डॉक्टर सोलच्या बायकांच्या दवाखान्यात आली. तिला कोरियन येत नव्हतं आणि जोम-डोंगला शाळेमुळे इंग्रजी येत होतं. मग ही मुलगी दुभाषी म्हणून दवाखान्यात जाऊ लागली. सुरुवातीला तिला ऑपरेशनची भीती वाटायची. पण फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन करून रोझेटांनी एक चेहरा नीट केला, ते पाहिल्यावर तिने ठरवलं, आपणही हेच शिकायचं.

कोरियातही अडचण आपल्यासारखीच होती. चांगल्या घरातल्या बाईने परपुरुषासमोर यायचं नाही, मग डॉक्टर तरी कसा चालेल? म्हणजे बाई डॉक्टर झाली नाही तर बायकांना उपचारच नाहीत. आनंदीबाईंनी अमेरिकेला जाण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजमधल्या भाषणात हेच कारण दिलं होतं.

पुढे जोम-डोंगने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नाव घेतलं एस्थर. 1893 मध्ये पार्क यु-सान यांच्याशी लग्न झालं. कोरियात लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, पण अमेरिकन पद्धतीने त्या एस्थर पार्क झाल्या. 1894 मध्ये रोझेटांचे पती डॉ. विल्यम हॉल सोलमध्ये साथीच्या तापाने वारले. रोझेटा लहान मुलाला घेऊन अमेरिकेला परत निघाल्या, तेव्हा हे नवरा-बायकोही सोबत गेले.

तिथे एस्थर यांना थेट मेडिकल कॉलेज मिळालं नाही. आधी न्यूयॉर्क राज्यातल्या लिबर्टी गावच्या शाळेत त्या बसल्या. मग हॉस्पिटलमध्ये काम करता करता लॅटिन, गणित आणि भौतिकशास्त्र शिकल्या. 1896 मध्ये त्यांना बाल्टिमोरच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला.

पैसे कुठून येत होते? यु-सान आधी शेतावर राबले, मग बाल्टिमोरमध्ये रेस्टॉरंटमध्ये कामाला लागले. बायको शिकावी म्हणून नवऱ्याने परक्या देशात मजुरी करायची, ही 1890 च्या दशकातली गोष्ट आहे.

इथे दोन नवऱ्यांची तुलना होतेच. गोपाळरावांनी आनंदीबाईंना शिकवलं, पत्रं लिहिली, परदेशी पाठवलं. पण ते कडक होते आणि शिकवण्याचा हट्ट अनेकदा जाचात बदलायचा. यु-सान यांनी भाषणं केली नाहीत, काम केलं.

आनंदीबाई त्या काळात एकट्या होत्या. न्यू जर्सीतल्या कारपेंटर बाईंनी त्यांना मुलीसारखं सांभाळलं, त्यांना त्या मावशी म्हणायच्या. पण शाकाहारी जेवण मिळणं अवघड, थंडी सहन न होणारी आणि फिलाडेल्फियातली खोली धुराने भरणारी. त्यांनी साडी सोडली नाही, धर्मही बदलला नाही. तब्येत मात्र ढासळत गेली.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये शोधला होता. म्हणजे आजार कशाने होतो हे कळलं होतं, पण त्यावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 उजाडावं लागलं. तोपर्यंत चांगलं अन्न, मोकळी हवा आणि आराम हाच काय तो उपचार. परदेशात काटकसरीने राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

1886 च्या शेवटी आनंदीबाई आजारी अवस्थेतच भारतात परतल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधली नेमणूक त्यांची वाट पाहत होती, पण ती त्यांना स्वीकारताच आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची 22 वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

बाल्टिमोरमध्ये यु-सान यांना टीबी झाला. एस्थर अभ्यास आणि नवऱ्याची सेवा दोन्ही करत होत्या. एप्रिल 1900 च्या शेवटी ते वारले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच एस्थर यांना पदवी मिळाली. ज्याच्या मजुरीवर ती पदवी उभी होती, तो माणूस पाहायला उरला नाही. त्यांची कबर आजही बाल्टिमोरमध्ये आहे.

एस्थर त्याच वर्षी एकट्या कोरियात परतल्या. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या त्या पहिल्या कोरियन बाई. आनंदीबाईंना जो वेळ मिळाला नाही, तो त्यांना मिळाला, पण जेमतेम दहा वर्षं. सोलमध्ये आणि मग प्याँगयांगमध्ये रोझेटांसोबत त्यांनी हजारो बायका तपासल्या. खेडोपाडी गाढवावर बसून जायच्या, बर्फ असेल तर घसरगाडीने. 1909 मध्ये परदेशी शिकून आलेल्या पहिल्या बायकांचा सोलमध्ये सत्कार झाला, त्यात त्याही होत्या. पुढच्याच वर्षी, 13 एप्रिल 1910 रोजी टीबीने त्यांचा मृत्यू झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही.

रोझेटांचा जो लहान मुलगा त्यांच्यासोबत अमेरिकेला गेला होता, त्याचं नाव शेरवूड हॉल. एस्थर गेल्या तेव्हा तो 16 वर्षांचा होता. त्या मृत्यूनंतर त्याने ठरवलं, डॉक्टर होऊन टीबीशीच लढायचं. 1928 मध्ये त्याने कोरियात हेजू इथे टीबीचं सॅनेटोरियम उभं केलं. पुढे जपानी राजवटीने त्याला कोरियातून बाहेर काढलं आणि तो आला थेट भारतात. अजमेरजवळच्या मदार इथल्या सॅनेटोरियममध्ये त्याने अनेक वर्षं टीबीचे पेशंट बरे केले.

म्हणजे एका कोरियन विद्यार्थिनीच्या मृत्यूने पेटलेली जिद्द भारतातल्या रुग्णांपर्यंत पोहोचली. आज टीबी औषधांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं मोफत मिळतात. हुडकेश्वरच्या मुलीच्या फाइलमधलं सर्टिफिकेट हा एक साधा कागद वाटतो, कारण आता एक्स-रेमध्ये काही निघालंच तर उपचार घेऊन नंतर जाता येतं. आनंदीबाई आणि एस्थर यांच्याकडे तो पर्याय नव्हता.