गॅस कंपनी हिशेब कसा ठेवते? तुमच्या धंद्यासाठी ५ नियम



गल्ल्यात पैसे आले म्हणजे कमाई झाली, असं बहुतेक नवीन व्यावसायिक धरून चालतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुकान चालतंय, गिऱ्हाईक आहे, तरी महिनाअखेरीला हातात काही राहत नाही, ही तक्रार माझ्या ट्रेनिंगमध्ये दर बॅचला ऐकायला मिळते. त्याचं एक मोठं कारण म्हणजे धंद्याचं हिशेबाचं धोरण ठरलेलं नसतं. यालाच अकाउंटिंग पॉलिसी म्हणतात.

बीबीएला हा विषय आपण परीक्षेपुरता वाचतो. आज तो एका खऱ्या कंपनीवरून समजून घेऊ. मुंबईत घरोघरी पाइपने गॅस आणि गाड्यांना सीएनजी पुरवणारी महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि २०१६ साली शेअर बाजारात आली. शेअर बाजारात असल्यामुळे तिला दरवर्षी वार्षिक अहवाल काढावा लागतो. त्यातल्या आकड्यांसोबत अकाउंटिंग पॉलिसी लिहिलेल्या असतात. म्हणजे काय, तर कोणता पैसा कधी उत्पन्न धरायचा, कोणता देणं धरायचा, मालाची किंमत कशी लावायची, हे नियम आधी सांगून मग आकडे दाखवायचे.

नियम १ : माल दिला की उत्पन्न, बिल कधीही निघो

घरगुती पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं. कंपनीचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. समजा तुमच्या मीटरचं रीडिंग १० मार्चला झालं. त्यानंतर ३१ मार्चपर्यंत तुम्ही जो गॅस वापरला, त्याचं बिल मे महिन्यात निघणार. मग ती विक्री कोणत्या वर्षाची?

कंपनी ती मार्चमध्येच धरते, कारण गॅस तुमच्या शेगडीपर्यंत पोहोचलाय. बिल न झालेल्या या रकमेचा अंदाज काढून ती उत्पन्नात घेतली जाते. याला अनबिल्ड रेव्हेन्यू म्हणतात. ही रक्कम किरकोळ वाटेल, पण कंपनीची घरगुती कनेक्शन्स २० लाखांच्या वर आहेत. उदाहरणासाठी प्रत्येक घरामागे सरासरी ५०० रुपये बिल व्हायचे बाकी आहेत असं धरलं, तरी २० लाख घरांचे १०० कोटी रुपये होतात. एवढी विक्री सोडून दिली तर त्या वर्षाचा नफा चुकीचाच दिसेल.

तुमचं काय? समजा तुम्ही सोसायट्यांना हाउसकीपिंगची माणसं पुरवता आणि मार्चचं बिल १० एप्रिलला देता. कामगारांचा मार्चचा पगार मार्चच्या खर्चात आणि बिल एप्रिलच्या उत्पन्नात टाकलंत, तर मार्च तोट्यात दिसेल आणि एप्रिल उगाच फायद्यात. काम ज्या महिन्यात केलं, उत्पन्न त्याच महिन्याचं.

नियम २ : ॲडव्हान्स म्हणजे अजून करायचं काम

हाच नियम उलटा लावा. पैसे आले, पण माल द्यायचा बाकी आहे, तर ते उत्पन्न नाही.

समजा तुमची मेस आहे. ४० जणांनी १६ मार्चला पुढच्या ३० दिवसांचे प्रत्येकी ३,००० रुपये दिले. हातात १,२०,००० आले, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. ३१ मार्चपर्यंत १६ दिवस जेवण दिलं, म्हणून ६४,००० तुमचे. उरलेले ५६,००० म्हणजे १४ दिवसांचं जेवण, जे अजून द्यायचंय. त्या ५६ हजारांतून नवीन फ्रीज घेतलात, तर एप्रिलचा किराणा कशातून भरणार?

माझ्या स्टेशनरीच्या दुकानात वह्या-पुस्तकांच्या सेटचा ॲडव्हान्स मे महिन्यात येतो आणि सेट जूनमध्ये जातात. तो पैसा आम्ही वेगळ्या खात्यात ठेवतो. सेट दिला की मगच ती विक्री.

एक लक्षात ठेवा, जीएसटीचा नियम वेगळा आहे. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असेल, तर सेवेसाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवर पैसे मिळाले तेव्हाच कर लागू होतो. तुमच्या सीएला विचारून घ्या.

नियम ३ : डिपॉझिट हे देणं आहे

गॅस कनेक्शन घेताना आपण डिपॉझिट भरतो. लाखो घरांचं मिळून ते खूप मोठं होतं. तरी कंपनी ते नफ्यात घेत नाही. ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला असतं, कारण कनेक्शन बंद केलं की ते परत मागायचा ग्राहकाला हक्क आहे.

आता पाण्याच्या जारचा धंदा बघा. ३०० गिऱ्हाइकं, प्रत्येकाकडे २ जार, जारमागे १५० रुपये डिपॉझिट. झाले ९०,००० रुपये. हे पैसे टेम्पोच्या डाउन पेमेंटमध्ये घातले, आणि चार महिन्यांनी शेजारच्या गल्लीत दुसरा पुरवठादार आला. १०० गिऱ्हाइकांनी जार परत केले, तर ३०,००० रुपये लगेच द्यावे लागतील. नाही दिले तर नाव खराब, आणि छोट्या धंद्यात नावावरच सगळं चालतं.

नियम ४ : सरकारचा पैसा आपल्या विक्रीत धरू नका

नैसर्गिक वायू अजून जीएसटीत आलेला नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ पासून तो १३.५ टक्क्यांवरून ३ टक्के झाला. कंपनी हा व्हॅट ग्राहकाकडून घेते, पण तो तिच्या उत्पन्नात येत नाही. तो सरकारच्या वतीने गोळा केलेला पैसा असतो.

तुम्ही जीएसटी लावून १,१८० रुपयांचं बिल केलंत आणि कर १८ टक्के असेल, तर विक्री १,००० चीच. ते १८० रुपये दुसऱ्याच्या मालकीचे आहेत, असं समजूनच वागा.

नियम ५ : घसारा आणि माल, दोन्हीत वास्तव धरा

जमिनीखालची पाइपलाइन, सीएनजी पंपावरचा कॉम्प्रेसर यांचा खर्च कंपनी एकाच वर्षात टाकत नाही. ती वस्तू जितकी वर्षं काम देईल, तितक्या वर्षांत तो वाटला जातो. यालाच घसारा म्हणतात. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात यासाठी आयुष्य दिलेलं आहे. कॉम्प्युटर ३ वर्षं, फर्निचर साधारण १० वर्षं, सर्वसाधारण यंत्रसामग्री १५ वर्षं. ३६,००० चा कॉम्प्युटर घेतलात, तर महिन्याला १,००० रुपये झीज धरा आणि जमल्यास तेवढे बाजूला टाका. तीन वर्षांनी नवा घेताना कर्ज काढावं लागणार नाही.

शिल्लक मालाचंही तसंच. वर्षाच्या शेवटी पाइपमध्ये असलेला गॅससुद्धा मोजला जातो. त्याची किंमत लावताना खरेदीचा खर्च आणि विकून मिळू शकणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती धरतात. तुमच्या रॅकवर २०० ला घेतलेली पण आता १२० लाच जाईल अशी वस्तू असेल, तर ती १२० चीच आहे.

आता तुमची पाळी

हे नियम एकदा ठरवले की दरवर्षी तेच ठेवायचे. मोठ्या कंपनीने पॉलिसी बदलली तर कारण आणि परिणाम दोन्ही लिहावे लागतात. आपल्याला एवढं बंधन नसलं, तरी नियम सतत बदलले तर यंदाचा नफा खरंच वाढला की फक्त हिशेब बदलला, हे तुम्हालाच कळणार नाही. बँकेत कर्जासाठी गेलात तर मॅनेजरलाही कळणार नाही.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एक कागद घ्या आणि पाच ओळी लिहा : विक्री कधी धरणार, ॲडव्हान्स कुठे ठेवणार, डिपॉझिट किती देणं आहे, कराचे पैसे कोणत्या खात्यात, आणि मालाची किंमत कशी लावणार. मग आजच्या गल्ल्यातल्या आणि बँकेतल्या पैशातून दुसऱ्यांचे पैसे वजा करा. जो आकडा उरेल, तेवढाच पैसा खरा तुमचा. नवीन खर्चाचा निर्णय त्या आकड्याकडे बघून घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, पण हिशेबाने करा!