एकच कोड, हजार पेट्या

रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या निघतात. त्यांची नोंद ठेवणारा जावा प्रोग्रॅम लिहायचा आहे, असं धरा. 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पेटी नेमकी कुठल्या बागेतली, हे सांगता येण्याला मोल आलं. म्हणजे प्रत्येक पेटीने आपली बाग, तोडणीची तारीख आणि डझन लक्षात ठेवायला हवेत. ‘पेटी’ हा क्लास एकच. पण ‘न्यू’ म्हटलं की दर वेळी मेमरीत एक नवं ऑब्जेक्ट तयार होतं, स्वतःची माहिती घेऊन.

आता पाच डझनांचे नग किती? साठ. पावसची पेटी असो वा गणपतीपुळ्याची, हे गणित बदलत नाही. दिलेल्या आकड्यावरच उत्तर ठरतं, म्हणून हा हिशेब करणारी मेथड स्टॅटिक, म्हणजे एखाद्या पेटीची नव्हे, तर क्लासची. जावातली ‘मॅथ.मॅक्स’ याच जातीची. ‘मॅथ’चं ऑब्जेक्ट तर तुम्हाला बनवताच येत नाही.

याउलट ‘डझन’ हे फील्डच स्टॅटिक ठेवलं, तर घोटाळा होतो. पावसच्या पेटीवर पाच लिहा, मग गणपतीपुळ्याच्या पेटीवर सहा लिहा, की पावसची पेटीही सहा डझनांची होऊन बसते! स्टॅटिक फील्ड सगळ्या पेट्यांत मिळून एकच असतं.

खरं नवल पुढेच आहे. हजार पेट्या असल्या तरी त्यांच्या मेथडचा कोड हजार वेळा साठवला जात नाही. तो एकच असतो. मग कुठल्या पेटीबद्दल बोलायचं, हे त्याला कसं कळतं? जावा ती पेटीच ‘धिस’ म्हणून न सांगता त्याच्या हाती देतो. जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या जेव्हीएमच्या आत मेथडच्या व्हेरिएबल्सचे रकाने 0 पासून सुरू होतात आणि 0 क्रमांकाच्या रकान्यात ही पेटी बसते. स्टॅटिक मेथडला ‘धिस’ मिळतच नाही.

या एका रकान्यात केवढी ताकद! ‘पेटी’चेच हापूस आणि पायरी असे उपक्लास केले आणि ‘पिकायला किती दिवस?’ असं विचारलं, तर हापूसची पेटी हापूसच्या हिशेबाने उत्तर देते, पायरीची पायरीच्या. समोर कोण आहे ते पाहून प्रोग्रॅम चालू असतानाच निवड होते. स्टॅटिक मेथड मात्र कंपाइल होतानाच ठरून जाते.

म्हणून मेथड लिहिण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत. हिला कुणाची स्वतःची माहिती लागते का? उद्या हिचं उत्तर प्रकारागणिक बदलेल का? दोन्हींना ‘नाही’ असेल, तरच स्टॅटिक.