नाण्यावरची बाई

जुन्या ब्रिटिश नाण्यावर राणी नसलेल्या एका बाईचे चित्र असते. डोक्यावर शिरस्त्राण, एका हाती त्रिशूळ, दुसऱ्या हाती ढाल. ही हाडामांसाची बाई नव्हे. ब्रिटन देशाला दिलेले हे स्त्रीरूप, नाव ब्रिटानिया.

तिची कथा ऐकण्यासारखी आहे. रोमन सैन्याने इ. स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली. पुढे सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर ती प्रथम आली, ती रोमच्या ताब्यातला एक प्रांत म्हणून! १६७२ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने तिला तांब्याच्या नाण्यांवर पुन्हा आणले. आता ती जिंकलेली राहिली नाही, सत्तेची खूण झाली.

सातव्या एडवर्डच्या काळात, १९०२ ते १९१० पर्यंत, चांदीच्या फ्लोरिनवर, म्हणजे दोन शिलिंगांच्या नाण्यावर, ती जहाजावर ताठ उभी दिसते. त्यातले १९०५ सालचे नाणे फार दुर्मिळ. ती अवघी ११ लाख ८७ हजारांच्या आसपास पाडली गेली.

हीच बाई आपल्या मुंबईच्या टांकसाळीतूनही बाहेर पडली. चीन, हाँगकाँग, सिंगापूरकडील व्यापारासाठी १८९५ पासून येथे चांदीचे ‘ट्रेड डॉलर’ पाडले जात. वजन जवळजवळ २७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून जास्त. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ अक्षर दिसले, की ते नाणे मुंबईचे समजावे. १९३५ सालचे बहुतेक डॉलर पुढे वितळवले गेले, म्हणून ते आज सहजी मिळत नाहीत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नाण्यावर बाई देश सांभाळीत होती, तेव्हा त्याच देशातल्या बाईला पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क नव्हता! मग हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी ब्राँझच्या पेनीवर, थेट राजाच्या चेहऱ्यावर, ‘स्त्रियांना मताधिकार’ असे शब्द ठोकले. पेनी कोण फेकून देणार? ती हातोहात फिरली आणि मागणी घरोघर पोचली. त्याच पेनीच्या दुसऱ्या बाजूला ब्रिटानिया बसलेली होती. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडले.

चांदीत कोरलेला मान चांदीतच राहतो. हक्क मात्र जिवंत बायांनी मागावा लागतो. म्हणून असे नाणे हाती आले, तर मुलींना त्याच्या दोन्ही बाजू दाखवा.